‘ब्लोअरच घ्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला ट्रॅक्टरला काय जोडावं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या पात्याची शिफारस म्हणजे चार पैसे वाचवण्यासाठी लोकांना चुकीच्या वाटेला लावणं. पातं बर्फ नुसता बाजूला सारतं, खडी उखडतं, आणि खरा उपाय एकच, पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, बर्फ उचलून फेकणारा स्नो ब्लोअर.

तुमच्या आक्षेपातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो ठळकपणे सांगायला हवा. मागचं पातं वापरताना ट्रॅक्टर आधी बर्फावरून जातो, चाकांखाली बर्फ दाबला जातो, आणि ते दोन पट्टे पात्याला निघत नाहीत. रात्री गारठा वाढला की त्यांचा बर्फाळ थर होतो. म्हणूनच बरीच माणसं पातं उलटं फिरवून रिव्हर्समध्ये बर्फ ढकलतात. ते जमतं, पण वेग कमी हवा. रिव्हर्समध्ये जोरात जाऊन एखाद्या दगडाला अडलात तर थ्री पॉइंटचे, म्हणजे अवजार मागे जोडायच्या तीन-टोकी जोडणीचे, आर्म वाकतात.

‘एकच खरा उपाय’ हे मात्र मला मान्य नाही. तुम्ही बर्फ किती पडतो यावरून अवजार ठरवता. मी म्हणतो, बर्फ जाणार कुठे यावरून ठरवा.

हिशेब करून पाहू. 60 मीटर लांब, 3 मीटर रुंद ड्राइव्हवेवर 20 सेंटिमीटर बर्फ म्हणजे 36 घनमीटर. ताजा, भुसभुशीत असेल तर घनमीटरला साधारण 100 किलो, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. तोच बसलेला, ओलसर असेल तर 300 किलो सहज भरतो, मग अकरा टनांच्या घरात. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तर एवढं वजन पात्याने सारणं सोपं आहे. हिवाळाभर पुन्हा पुन्हा बर्फ पडत असेल आणि कडेला भिंत, कुंपण किंवा झाडं असतील, तर मात्र पहिल्या दोन-तीन वेळचे ढीग गोठून कठीण होतात, पुढचा बर्फ त्यांच्यापलीकडे जात नाही आणि रस्ता आठवड्यागणिक अरुंद होत जातो. अशा ठिकाणी ब्लोअरला तोड नाही. तो बर्फ उचलून दूर फेकतो, कडेला बांध उरत नाही. वाऱ्याने साचलेल्या खोल थरालाही तोच भारी पडतो. जागा मोकळी असेल, तर त्याच पैशात पातं घेऊन शिवाय टायरच्या साखळ्याही येतील, आणि उतारावर साखळ्यांचा फरक कुठल्याही अवजारापेक्षा जास्त जाणवतो.

ब्लोअर घ्यायच्या आधी ट्रॅक्टरकडे नीट बघा. दीड मीटर रुंदीच्या ब्लोअरला पीटीओवर साधारण 25 अश्वशक्ती हवी. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचा मागचा पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांचा असतो, आणि इंजिनचा वेग कमी केला की फेकही कमी होते. त्याहून महत्त्वाचं क्लचचं. एकाच टप्प्याचा क्लच दाबला की पीटीओही थांबतो. म्हणजे बर्फ दाट लागला म्हणून ट्रॅक्टर थांबवलात, तर नेमक्या त्याच क्षणी ब्लोअरही थांबतो आणि चुट (बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं) तुंबते. स्वतंत्र पीटीओ किंवा हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर असेल तर हा प्रश्न येत नाही. मागच्या ब्लोअरने काम करायचं म्हणजे सगळा वेळ मान मागे वळवून रिव्हर्समध्ये चालवायचं. तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत, पण मान दुखणाऱ्या माणसाला तोच मुद्दा निर्णायक ठरतो.

खडीबद्दल थोडं. खडी पातंही उखडतं आणि ब्लोअरही. फरक एवढाच की ब्लोअर ती दूर फेकतो, खिडकीच्या काचेपर्यंतसुद्धा. दोघांनाही स्किड शू (तळाखालच्या घसरपट्ट्या) लावून तळ दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवायचा आणि पहिल्या बर्फाचा पातळ थर दाबून घट्ट होऊ द्यायचा. मग खडी बरीचशी जागेवर राहते. लोडरच्या (ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलणाऱ्या हातांच्या) बकेटने खडी खरवडू नये म्हणून लोखंडी पाइपला लांबीत चीर देऊन तो बकेटच्या धारेवर बसवतात. अगदी साधी गोष्ट, पण कामाची. लोडरलाच पुढे पातं जोडायचं असेल तर अडथळ्याला लागल्यावर मागे झुकणारं, स्प्रिंगवालं घ्या, कारण लोडरचे आर्म आडव्या झटक्यासाठी बनवलेले नसतात.

एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. चुट तुंबली तर ‘हाताने पटकन मोकळी करावी’ असं तुम्ही लिहिलं आहे. कृपया असं कुणाला सांगू नका. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, फिरणारं सगळं थांबलेलं, आणि मगच काठीने. इंजिन बंद झाल्यावरही अडकलेल्या भागात ताण साठलेला असतो. अडथळा निघताच पंखा थोडा फिरतो, आणि बोटं जायला तेवढं पुरतं. शिअर बोल्ट, म्हणजे ताण वाढला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला तर जागी कणखर बोल्ट घालू नका. तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो.

तुमच्या ड्राइव्हवेच्या कडेला किती जागा आहे, उतार आहे का आणि ट्रॅक्टरचा क्लच कोणता, एवढं कळवा. तुमच्या ठिकाणी ब्लोअरच योग्य असेल तर मी तसंच लिहीन.