एक तार म्हणजे एकच सूर? काहीपण नका ढकलू राजेहो

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला. उलट्या टबाला काठी न् दोरी लावून वाजवणाऱ्या एका अमेरिकन माणसाचा फोटो, न् खाली लिहिलं का एका तारेवर एकच सूर निघते, असल्या जुगाडावर कोणाचं करिअर होत नाही, न् हे तं आपल्याच तुणतुण्याची चोरी आहे. तिन्ही गोष्टी चुकीच्या.

सुराचं आधी घ्या. आमच्या इकडच्या पोरांनी गणपतीत असाच एक बनवला होता. जुन्या पत्र्याच्या टबाच्या बुडाला मधोमध भोक, त्यातून कपडे वाळवायची नायलॉन दोरी, आतून वायसर न् गाठ, दुसरं टोक बांबूच्या शेंड्याला. बांबूच्या बुडाला खाच पाडून ते टबाच्या काठावर टेकवायचं न् एक पाय टबावर दाबून ठेवायचा, नाही तं टब उड्या मारते. काठाखाली विटेचा तुकडा दिला का आवाज बाहेर पडते, नाही तं आतल्या आतच घुमत बसते. आता बांबू मागं ओढला का दोरी ताणते न् सूर चढते, पुढं सोडला का उतरते. ताण चौपट केला तं सूर बरोबर एक सप्तक वर. मधले सगळे सूर वाजवणाऱ्याच्या हातात, अन् पेटीसारखी पट्टी नाही का दाबली न् लागला, कान कच्चा असला तं पुरी फजिती.

करिअरचं म्हणाल तं अमेरिकेतला फ्रिट्झ रिचमंड पाहा. १९३९ चा जन्म, २००५ मध्ये गेला. जिम क्वेस्किन जग बँडमध्ये (जग म्हणजे सुरई, असल्या घरगुती वस्तू वाजवणारा बँड) तो हाच टब वाजवे, १९६० च्या दशकात त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, न् त्याचा टब आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या मोठ्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तो रेकॉर्डिंग इंजिनियरचं कामही करे, मान्य. पण आपल्याकडं तरी कोणता तबलजी नुसत्या तबल्यावर जगते बापा? शिकवण्या घ्याच लागते, नाही तं वावर असते. अन् ६ जुलै १९५७ ले इंग्लंडातल्या लिव्हरपूलमध्ये बीटल्सवाले लेनन न् मॅकार्टनी पह्यल्यांदा भेटले, त्या दिवशी लेननच्या बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या सुराचं वाद्य, म्हणून चहाच्या खोक्याला लावलेली एक दोरीच होती.

आता चोरी. तुणतुण्याची तार खुंटी पिळून एकदा लावली का पोवाडा संपेपर्यंत तोच सूर, शाहिराले आधार म्हणून. टबात ताण सारखा बदलते, म्हणजे कामच उलटं. जवळचं काही शोधायचंच असेल तं देवीच्या गाण्यातलं चौंडकं घ्या, बगलेत दाबून तारेची ओढ हातानं कमीजास्त करतात ते. पण तिथूनही कोणी काही नेलं नाही. टबाचं मूळ अभ्यासक आफ्रिकेत दाखवतात: जमिनीत खड्डा, त्यावर साल नाही तं कातडं, बाजूला वाकती काठी, मधात दोरी. गुलाम करून नेलेल्या लोकांसोबत ते अमेरिकेत गेलं न् खड्ड्याच्या जागी टब आला. फॉरवर्ड करणाऱ्या भावानं निदान तुणतुण्यातला न् चौंडक्यातला फरक तरी मंडळातल्या एखाद्या म्हाताऱ्याले विचारून घ्यायचा होता.