पुस्तक विकलंत की पानांचे फोटो?

पूर्ण किंमत घ्यायची आणि फाइलीत पानांचे फोटो कोंबायचे, याला धंदा म्हणतात की दरोडा? कालच विकत घेतलेली मराठी कादंबरी रीडरवर, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रावर, उघडली. अक्षरं मुंगीएवढी. मोठी करायला जावं तर फाँटची खूण राखाडी, दाबलीच जात नाही. जाईल कशी? आत मजकूरच नाही. छापील पुस्तक स्कॅनरवर पालथं घातलंय आणि झालं ई-बुक. बांधणीकडे काळी सावली, मधली पानं तिरकी, आणि एका पानाच्या कोपऱ्यात पान धरणाऱ्याचा अंगठा. नखासकट! कोणाच्याही नजरेला पडला नाही? आवशीक खाव!

हिशेब करा. सहा इंची पडदा जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद, डेमी आकाराचं (कादंबरीचं नेहमीचं) पान 14. पान पडद्याच्या रुंदीत बसवलं की 12 पॉइंटचं अक्षर पावणेआठ पॉइंटांवर येतं. मग अनुस्वार कुठला आणि धुळीचा कण कुठला ते ज्याने त्याने ठरवावं. झूम केलं तर अर्धी ओळ बाहेर, आणि जरा सरकवलं की ई-इंकचा (कागदासारखा दिसणारा, रीडरचा) पडदा काळा-पांढरा लुकलुकणार. शब्द शोधता येत नाही, ओळीखाली रेघ मारता येत नाही. फाइल मात्र 90 एमबी. तीच कादंबरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालणाऱ्या टाइप केलेल्या मजकुरात, एक-दोन एमबीत मावते.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. प्रकाशकाकडे पेजमेकरच्या (छपाईची पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या फाइली पडल्यात. त्यांतल्या डीटीपी (संगणकावरच्या पानजुळणीच्या) फाँटांत 'क' हा 'क' नसतोच, इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला नुसता आकार असतो. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून पुन्हा मुद्रितं तपासावी लागतात. त्याचे पैसे कोण देणार? त्यापेक्षा स्कॅनर बरा. अहो, युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे!

यंत्राला मी नावं ठेवणार नाही. आमच्या रत्नागिरीला 1828 पासून नगर वाचनालय आहे. पुस्तकांचा दुष्काळ म्हणून इथे कोणी रीडर घेत नाही. पावसाळ्यात कपाटातली पुस्तकं बुरशी खाते, उरलेली कसर खाते, आणि लाइट गेली की कागदावरचं काय दिसणार? रीडरला स्वतःचा उजेड आहे, वीज खर्च होते ती मुख्यतः त्या उजेडाला आणि पान उलटताना. पण 'वॉटरप्रूफ' शब्दावर इकडच्यांनी भुलू नये. 2 मीटर खोल, 60 मिनिटं ही त्यामागची चाचणी गोड्या पाण्यातली. खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात त्याचं काय? सॉकेट ओलं असताना वायर खुपसायची नाही, आधी पूर्ण वाळू द्यायचं. आणि आलेल्या पाहुण्याने पडदा बोटाने दाबून "यावर यूट्यूब लागतं का?" विचारायचं नाही. आत काच असते, फुटते!

विकतचं ई-बुक कुलूपबंद, त्याच्या फाइलीला हात लावता येत नाही. म्हणून मग हक्क संपलेली जुनी पुस्तकं घ्यायची (लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं उलटलेली) आणि स्कॅनमधून मजकूर काढायचा. टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) भाषा 'मराठी' द्यायची, स्कॅन 300 डीपीआयचं (इंचाला 300 ठिपके), कडा आधी कापून. तरी 'घ'चा 'ध' होतोच, 'भ'चा 'म' होतो. 'मोठा भाऊ' सबंध प्रकरणभर 'मोठा माऊ' होऊन घरात वावरतो. ते निस्तरायचं, कॅलिबर या सॉफ्टवेअरमध्ये ईपब (ई-बुकची फाइल) करायचा, भाषेच्या रकान्यात 'मराठी' भरायचं, फाँट आत बसवायचा. यात वाचन किती? शून्य. वाचायला घेतलेल्या यंत्रापायी बिनपगारी मुद्रितशोधक झालोय, आणि खरं सांगू, माऊ सापडला की गोष्टीपेक्षा जास्त मजा येते. व्हॉट्सॲपवर कोणी '500 मराठी पुस्तकं पीडीएफ' पाठवलं की मात्र अजूनही डोकं फिरतं.

तर विकत घेण्याआधी पुस्तकाचा फुकट नमुना उतरवा आणि अक्षर मोठं होतं का ते बघा. त्यातही गोम आहे: नमुन्यात मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना एवढंच पुष्कळदा येतं, आणि प्रस्तावना तेवढी टाइप केलेली असू शकते. म्हणून फाइलचं वजनही बघा. चित्रं नसलेली कादंबरी 50 एमबीच्या वर दिसली की हात लावू नका.