फोन वाजावा, पण उचलावा लागू नये

तुमच्या ऑफिसात अजून कोणी रिसीव्हर उचलून ‘हां, बोला’ म्हणत असेल, तर आधी ते बंद करा. धंदा पुण्यात करायचा आणि पहिल्याच रिंगला गिऱ्हाईकाच्या हाती जिवंत माणूस द्यायचा? ‘बेल एकदाच वाजवावी’ ही पाटी लावणाऱ्या पूर्वजांना काय वाटेल! आयव्हीआर बसवा, म्हणजे ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ असं सांगणारं फोनवरचं यंत्र. त्या पाटीला आता आवाज फुटला आहे, एवढंच.

स्वागत आधी इंग्रजीत, मग हिंदीत, आणि गिऱ्हाईक टिकलंच तर मराठीत. ‘बिलासाठी एक दाबा’ असं मात्र म्हणू नका. त्यात काम आधी कळतं आणि आकडा कानात ताजा राहतो. ‘एक दाबा, जर आपली चौकशी मागील आर्थिक वर्षातील बिलासंबंधी असेल तर’ असं म्हणा. वाक्य संपेपर्यंत एक होता की चार, ते आठवत नाही.

गंमत बघा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ होते, व्यवसाय अंत्यविधीचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसरीकडे वळवतात असा त्यांना संशय, म्हणून १८९१ साली त्यांनी स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट घेतलं, असं सांगतात. कॉल नीट पोचावा म्हणून त्यांनी मधला माणूस काढला. आपण शेवटचाही काढायचा.

ते अवघड नाही. अकाउंट्सचा फोन उचलला नाही तर सेल्सला, सेल्सने नाही उचलला तर स्टोअरला, तिथून परत अकाउंट्सला. गिऱ्हाईक पर्वतीला प्रदक्षिणा घालतंय असं समजा. शून्य दाबलं की ऑपरेटर, हे मात्र ठेवा, माणसाला आशा हवी. आमच्याकडे शून्यावर काकू असायच्या. आवाजावरून पार्टी ओळखायच्या, ‘साहेब जेवायला गेलेत, अडीचला करा’ म्हणायच्या. काकू निवृत्त झाल्या, एक्स्टेन्शन राहिलं. तो फोन आता माळ्यावर, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्याखाली वाजतो. शांत दुपारी जिन्यात उभं राहिलं तर ऐकू येतो.

आणि सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवरच राहू द्या. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे ‘दहा ते सहा’ भरलं की फोनपुरतं ऑफिस दुपारी साडेतीनला उघडतं आणि रात्री साडेअकराला मिटतं. आमच्याकडे हे चार महिने चाललं. ऑफिस सदाशिव पेठेत, त्यामुळे दुपारी फोन बंद असण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

घोटाळा झाला तो रात्रीचा. सगळी एक्स्टेन्शन्स वाजून दमली की कॉल गेटवर जायचा, आणि वॉचमनमामा तो चक्क उचलायचे. नाव, नंबर, काम, सगळं गाड्यांच्या नोंदवहीत लिहून घ्यायचे आणि सकाळी ज्याच्या त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायचे. लोकांना कामं करावी लागली हो! तुम्ही तेवढं गेटचं एक्स्टेन्शन पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाका.