जुनी गाडी घेताना वाकून बघू नये

सेकंडहँड गाडी घ्यायचीच असेल तर गणपतीच्या आधीच्या आठवड्यात घ्या. मुंबईहून भाऊ-वहिनी यायच्या असतात, मखराचं सामान आणायचं असतं, स्टेशनवरून वाडीपर्यंत रिक्षावाला मागेल तो भाव असतो. आपली नड तोंडावर इतक्या ठळक अक्षरांत उमटलेली असते की ती वाचायला विकणाऱ्याला चष्मा लागत नाही. त्यात वरून पाऊस. भिजलेली गाडी कुठलीही असो, चकाकते. ओरखडे, पोचे, एकाच दाराचा जरासा वेगळा रंग, सगळं झाकलं जातं. खाली चिखल असल्यामुळे गुडघा टेकून वाकायचा प्रश्नच येत नाही. काही अतिशहाणे मे महिन्यात, लख्ख उन्हात, खिशात बॅटरी घेऊन गाड्या बघत फिरतात. त्यांना चार-चार गाड्या नापसंत पडतात. असल्यांच्या नादी लागू नका.

सोबत मेकॅनिक नेऊ नका. मेकॅनिक मुळात संशयी. आल्या आल्या बोनेट उघडेल, ऑइलची काडी काढून बोटांवर चोळेल, झाकणाच्या आत पांढरट फेस दिसतोय का बघेल आणि शुभकार्यात नको ते बोलेल. त्याला हजार रुपये देण्यापेक्षा मेव्हण्याला न्या. मेव्हणा सीट मागे घेतो, गाणी लावतो आणि ‘भावोजी, एसी कडक हा’ म्हणतो. गाडीबद्दल यापेक्षा जास्त कळून करायचंय काय?

आता न वाकण्याचं कारण. गंज आपल्याकडे वरून सुरू होत नाही. हर्णै असो, जयगड असो की वेंगुर्ला, खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी टपावर पाच वर्षं नवरदेवासारखी दिसू शकते. पत्रा जातो तो खालून. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. त्यांत तांबडी माती बसते, पाणी आत कोंडतं आणि पत्रा आतून खात येतो. बाहेरून तुम्हाला दिसतो तो फक्त रंगाला आलेला तिळाएवढा फोड. तीच गत चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेची, जॅक लावायच्या जागेची आणि डिकीत स्टेपनी उचलल्यावर दिसणाऱ्या तळाच्या जोडाची. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द आवाज करतो. पण दुसऱ्याच्या गाडीला असं ठोकत बसणं चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही. चुकून खाली नजर गेलीच आणि सगळीकडे काळाकुळीत, ओलसर वाटावा असा ताजा अंडरकोट दिसला, तर समाधानाने मान डोलवा. विकायच्या आदल्या आठवड्यात मालकाला गाडीच्या तळाची काळजी वाटू लागली, ही माया हल्ली कुठे बघायला मिळते? गंज न खरवडता वर कोट मारला की ओल आतच राहते आणि काम दुप्पट वेगाने चालतं, असं मेकॅनिक म्हणेल. म्हणूनच त्याला आणला नाही.

डिकी उघडताना श्वास रोखून धरा. वास आलाच तर तो देवघरातल्या उदबत्तीचा समजा. जेटीवरून मासळीच्या टोपल्या डिकीतून नेणारे खासगी गाडीवालेही असतात. बर्फाचं खारं पाणी गालिच्याखाली झिरपून तळ गाठतं, आणि मग उदबत्ती लावावी लागते.

पुराच्या गाडीचं तर भय धरूच नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, महाडात सावित्रीचं. बाजारपेठा बुडाल्या, त्यांबरोबर दारात उभ्या असलेल्या गाड्याही. त्या आधी २६ जुलै २००५ होताच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या पाऊण हिश्श्याच्या, म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती पूर्ण नुकसानीत काढते आणि तो सांगाडा लिलावात जातो. त्यांतले काही भंगारात जातात, काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात. गंमत अशी की बाजारात तुम्हाला पुरात बुडालेली गाडी एकही सापडणार नाही. विचारून बघा. सगळ्या त्या दिवशी नेमक्या पाहुण्यांकडे घाटावर गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते, डॅशबोर्डखाली वायरींचे जोड हिरवे पडलेले दिसतात, सीटच्या खालच्या रुळावर सुकलेली माती सापडते. पण सीटबेल्ट आपल्याकडे ओढतो कोण? नाक्यावर पोलीस दिसला की खांद्यावर घ्यायची ती वस्तू आहे.

किलोमीटरचा आकडा पवित्र मानावा. ‘डॉक्टरची गाडी हा, दादानू. क्लिनिक ते घर, बाकी खय नाय,’ हे वाक्य ऐकलं की व्यवहार निम्मा झाला. तळकोकणातल्या विकाऊ गाड्या बघितल्या तर प्रत्येक वाडीत दोन डॉक्टर असायला हवेत, मग आरोग्यकेंद्रातली पदं रिकामी का, हा प्रश्न आपण विचारत नाही. मीटरवर ३८ हजार आणि क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं, यात विसंगती शोधू नका. डॉक्टरांचा पाय जड असेल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी २०२१ ची आणि टायर २०१९ चे असतील, तर गाडीला पूर्वजन्म होता असं समजा.

चालवून बघायची ती दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर, तिसऱ्या गिअरपर्यंत. परशुराम घाटात नेऊ नका. तिथे चढावर अर्धा क्लच धरून उभं राहावं लागतं आणि क्लच संपत आला असेल तर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही. असला अपशकुन आधी कशाला?

कुठली गाडी टिकाऊ, असा प्रश्न लोक उगाच विचारतात. लांज्यात, कणकवलीत, कुडाळात जिचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात आणि जी रस्त्याकडेचा पोरगाही उघडून परत लावतो, असल्या आल्टो-वॅगनआरच्या मागे लागू नका. त्या सगळ्यांकडे आहेत. तुम्ही घ्या ती मोठी डिझेल, २०२० नंतरची, धुराच्या बीएस-६ नियमातली. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, आणि ती काजळी जळून साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर एका चालीत बराच वेळ पळावी लागते. ती रोज घर ते बाजार, बाजार ते घर चालवा, पुरेशी तुंबेल. मोकळा रस्ता म्हणाल तर मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून तुमच्याच जाळीसाठी चाललंय.

आता वॉरंटी. हा लेखाचा गाभारा, चपला बाहेर काढून या.

वॉरंटी दोन जातींची. पहिली कंपनीची उरलेली. ती गाडीबरोबर येते खरी, पण मोजतात गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून, तुम्ही पेढे वाटले त्या दिवसापासून नाही. मारुतीने जुलै २०२४ मध्ये नव्या गाड्यांची वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, यांतलं जे आधी भरेल ते. तेव्हा २०१६ च्या गाडीवर कोणी ‘कंपनीची वॉरंटी चालू हा’ म्हणालं, तर त्याच्यासमोर वजाबाकी करू नका, माणूस दुखावतो. वाढवून घेतलेली वॉरंटी असेल तर तिचा कागद मागू नका, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडीचा नंबर देऊन खात्री तर मुळीच करू नका. तिथे शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर होते तेही निघतं, आणि डॉक्टरांची बदनामी होते.

दुसरी वॉरंटी विकणाऱ्या डीलरची. ती गुळगुळीत कागदावर असते, वर सोनेरी शिक्का असतो. ‘एक रुपयाचा काम नाय, वर्षाची वॉरंटी हा. घेवची आणि पळवची.’ हा कागद लॅमिनेट करून ठेवा, पण वाचू नका. वाचलात तर कळेल की कशाला वॉरंटी आहे ते चार ओळींत आटोपलंय आणि कशाला नाही ते पानांमागून पानं चाललंय. इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे आतले भाग कव्हर, तेही एका ठरलेल्या रकमेपर्यंत. चालू असलेल्या साध्या पेट्रोल गाडीत वर्षभरात सहसा मोडत नाहीत तेच भाग. नाही म्हणाल तर क्लच नाही, ब्रेकच्या पट्ट्या नाहीत, सस्पेन्शनचे बुश नाहीत, टायर, बॅटरी, रबराचं काहीही नाही. गंज नाही. पाणी शिरून झालेलं नुकसान नाही. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नाहीत. खराब रस्त्याने झालेली हानी नाही. भूस्खलन, पूर, वादळ अर्थातच नाही. शाळेत ‘माझा कोकण’ असा निबंध लिहायला सांगितला तर इतका नेमका कोणाला जमणार नाही. त्या वकिलाचं आजोळ इकडचं असणार.

चुकून एखादा आतला भागच गेला, तर पुढची रीत पाळायची. गाडी जिथे बंद पडली तिथल्या मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, नट सैल केला तरी दावा बाद. आधी फोन, मग मंजुरी, मग नेमून दिलेल्या वर्कशॉपात गाडी न्यायची. टोचन आपल्या खर्चाने. वर्कशॉप कोल्हापुरात. रत्नागिरीपासून सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट, आणि जुलै महिना. गाडी तिथवर स्वतःच्या चाकांवर गेली असती तर वॉरंटी लागलीच कशाला असती, असं घरातलं कोणीतरी विचारेल. त्याला जेवायला वाढा.

अशा कागदासाठी डीलर घरगुती विक्रीपेक्षा वर जे पैसे घेतो, तेवढ्यात कित्येकदा नवा क्लच, बॅटरी आणि दोन टायर होतात. ते पैसे बँकेत बाजूला टाकावेत आणि साधी, जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांसकट मिळणारी गाडी घ्यावी, असं एक खूळ गावात आहे. पावत्यांना सोनेरी शिक्का नसतो, त्यामुळे लोक ते फारसं मनावर घेत नाहीत.

डीलरने दिलेले शब्द लेखी घेऊ नका. १९३० चा माल विक्री कायदा घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत असं धरून चालतो. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील न देताही. हातात लेखी असेल तर तक्रार उभी राहील, आणि नसत्या भानगडीत पडाल. सगळं चहावर आणि तोंडी ठेवा.

विमा आणि वॉरंटी एकच, असं मानून चला. पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, पाणी वाहत असताना गाडी घाला, मध्येच बंद पडली की पुन्हा सेल्फ मारा. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो आतला दांडा. वॉरंटीवाला म्हणेल, हे विम्याचं. विमावाला म्हणेल, इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घेतलं होतं का? दोघंही बरोबर असतात. जुन्या मालकाच्या पॉलिसीवरची ‘नो क्लेम’ची सूटही गाडीबरोबर तुम्हाला मिळाली असं समजा, कारण ती माणसाची असते हे कळायला आणखी वर्षभर वेळ आहे.

आणि नाव. आरसी बुकावर नाव करायची घाई करू नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहे. नाव बदलायचे अर्ज, नमुना २९ आणि ३०, एजंटाच्या खणात सह्या करून पडू देत. अपघात झाला तर जबाबदारी कागदोपत्री मालकाची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. तेव्हा बोरिवलीत बसलेल्या सज्जन जुन्या मालकाला तुमची चलनं येत राहतील, आणि वॉरंटीवाला विचारेल, ‘गाडी आपल्या नावावर आहे का?’

एवढं सगळं विधिवत पार पडलं की गाडीला हार घाला, चाकांखाली लिंबं ठेवा आणि गावकाराला देवळात गाऱ्हाणं घालायला सांगा. ते मात्र नीट घालून घ्या. तिथे पानांमागून पानं अपवाद नसतात.

‘बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरान जुनी गाडी घेतलेली असा, तिका सांभाळ रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘घाटात क्लच जळात, दारवंटात पाणी शिरात, उंदीर वायर खायत, ता सगळा तुझ्या पदरात घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘डॉक्टरान जी काय गाडी खयखय फिरवली आसात, ती तेका माफ कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि त्या वॉरंटीवाल्याचो फोन एकदा तरी लागांदे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’