शांतता समितीच्या बैठकीत डीजेवाला काऊन नसतो?

आज पुन्हा शांतता समितीच्या बैठकीचा तोच फोटो. ठाण्याच्या आवारात मांडलेल्या खुर्च्या, शाल-श्रीफळ, दोन्हीकडचे पुढारी, खाली "सण शांततेत साजरे करा" असं आवाहन. सण दोन दिवसांवर. आणि त्या रात्री गाव ज्यांच्या हातात असतं, त्यातला एकही माणूस फोटोत नाही. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर नाही, डीजेवाला नाही, मंडळाचे पोट्टे नाहीत. पताका बांधणाऱ्यांना तर कोणी विचारतच नाही.

पताकांचं मुद्दाम सांगतो. आमच्या भागातल्या एका गावात ईद-ए-मिलादसाठी खांबापासून समोरच्या घरापर्यंत हिरव्या पताकांची दोरी बांधली होती, 14 फुटांवर. रात्री पाऊस आला, कापड भिजून जड झालं आणि दोरीला मधोमध 2 फूट झोल आला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाची ट्रॉली निघाली. ट्रॉलीची पाटी 4 फूट, वर स्पीकरची थप्पी 9 फूट. दोरी तुटली, पताका चाकाखाली गेल्या. थोड्याच वेळात "झेंडा जाळला" म्हणून मेसेज तालुकाभर.

गाव वाचलं ते भाषणानं नाही. मशिदीच्या कमिटीतले एक चाचा आणि पोलीस पाटील बांबू घेऊन आले. दोघांनी सगळ्यांसमोर आधी थप्पी मोजली, मग उरलेल्या दोरीची उंची. चाचा आपल्याच पोरांना म्हणाले, "पाहा बाप्पा, कोणी फाडली नाही. अडकून तुटली." त्यांनी म्हटलं म्हणून पोरांनी ऐकलं. पाटलांनी तेच म्हटलं असतं तर ऐकलं नसतं.

बैठक व्हावी ती अशी. किमान 15 दिवस आधी, आणि गावातच. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या माणसांनी बांबू घेऊन मार्ग चालून पाहावा. आडवी दोरी 16 फुटांच्या खाली नको. सप्टेंबरात सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि मगरिबची नमाज लगेच असते, ती मागे ढकलता येत नाही. मिरवणूक 5 ऐवजी 3 ला निघाली तर उजेडातच मशीद ओलांडते. पण जनरेटर सुरू होत नाही, आरतीला पाहुणे उशिरा येतात, आणि नेमकी नमाजेलाच ट्रॉली दारात उभी राहते. तसं झालं तर आधीच्या चौकात 15 मिनिटं थांबायचं, हे ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. अध्यक्षाला सांगून काय उपयोग, तो मागे गुलालात असतो.

काय हलतं आणि काय हलत नाही, हेही माहीत हवं. ईदची नमाज हलत नाही. कुर्बानीला तीन दिवस असतात. म्हणून 29 जून 2023 ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा कितीतरी गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले, तेव्हा ठिकठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी निघाले. कोणाच्या दबावानं नाही, त्यांनीच ठरवून.

आता खरं बोलतो. समजूत दरवेळी एकाच बाजूनं घ्यायची का? संविधानाचं कलम 25 प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, ती काही मेहरबानी नाही. जुलूस एक दिवस पुढे जात असेल, तर आपला डीजे पंधरा मिनिटं बंद राहिल्यानं धर्म बुडत नाही.

पोलीस लागतात, मान्य. बाहेरून गाड्या भरून माणसं आली तर बांबू कामाचा नाही. दगडफेक-जाळपोळ गावात मिटवायचीही नसते, सरळ फिर्याद द्यायची. पण बाकीच्यासाठी 2007 पासून तंटामुक्त गाव समिती आहे ना! कितीतरी गावांत ती आता फक्त प्रेमविवाह लावण्यापुरती उरली. ते चांगलंच काम आहे, पण सणाआधीही बसा की.

तर राजेहो, तुमच्या पोलीस पाटलाला आजच फोन करा. एका कागदावर मार्ग, वेळ, थप्पीची उंची, आणि दोन्हीकडच्या एकेका माणसाचा नंबर, रात्री फोन उचलणाऱ्याचा. खाली सगळ्या मंडळांच्या सह्या, ड्रायव्हरचीही. आणि 14 एप्रिलची मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाऊ द्यायची यावर दरवर्षी कुरकुर करणाऱ्यांनो, तो मार्गही याच कागदावर लिहा, याच सह्यांनी.