आत्या, ताटातून होत नाही गं

आत्याचा फोन रात्री साडेदहाला. पोरगा पुण्यात हॉस्टेलवर आहे, त्याची खोली बदलून घेऊ का? कारण काय, तर ग्रुपवर आलेला मेसेज: ‘एचआयव्हीवाल्याबरोबर एका खोलीत राहणं म्हणजे मरण ओढवून घेणं. उष्टं ताट, टॉवेल, डास, काहीही पुरतं. औषध नाहीच.’ पोराच्या खोलीत तसं कुणी नाही, पण हिने तो अकरा जणांना पाठवूनही टाकला. म्हणे, “विषाची परीक्षा कशाला घ्या?”

डासाचं आधी उरकते. डासाच्या पोटात हा विषाणू तग धरत नाही. धरत असता तर मलेरियासारखा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना झाला असता.

आता एका खोलीचं. अमेरिकी चित्रकथाकार जड विनिक याचं ‘पेड्रो अँड मी’ हे २००० सालचं चित्रांतून सांगितलेल्या आठवणींचं पुस्तक आहे. १९९४ मध्ये एमटीव्हीच्या ‘द रिअल वर्ल्ड’ या रिअ‍ॅलिटी शोसाठी सात अनोळखी तरुण सॅन फ्रान्सिस्कोत एका घरात राहिले. जडच्या खोलीत आला पेड्रो झमोरा, एचआयव्ही असलेला. जड पुरोगामी विचारांचा, तरी आधी टरकला होता, हे त्याने लपवलेलं नाही. पुढे दोघे जिवलग झाले. लागण? छे! आणि उष्ट्याचं म्हणाल तर त्या घरात खपल्या खाजवून तीच बोटं पीनट बटरच्या बरणीत घालणारा एक महाभाग होता. तो पेड्रो नव्हे! किळस आली पेड्रोला, आणि रास्तच. प्रतिकारशक्ती त्याची कमी, म्हणजे धोका त्याला इतरांपासून. मेसेजने सगळं उलटं करून ठेवलंय.

‘औषध नाही’ हे अर्धं खरं, कबूल. मुळासकट बरं करणारी गोळी आजही नाही. पेड्रो ११ नोव्हेंबर १९९४ ला गेला, २२ वर्षांचा. विषाणूला खरोखर आवरणारी एकत्रित औषधं १९९६ च्या सुमारास आली. दोन वर्षं फक्त! आज रोज गोळ्या घेणारे म्हातारे होतात, आणि आपल्याकडे सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रांत त्या २००४ पासून फुकट मिळतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेला पार्टनर अभ्यास बघा: पुरुषांची ७८२ जोडपी, एकाला एचआयव्ही पण औषधाने पूर्ण आटोक्यात, कंडोमशिवाय संबंध. जोडीदाराकडून लागण शून्य. अंथरुणात शून्य, तर ताटातून कुठून येणार?

दाढीचं ब्लेड मात्र वेगळं ठेवावं, त्याला रक्त लागतं. ते तसंही ठेवावंच.

आत्याने मेसेज सगळ्यांकडून पुसायला घेतला, पण पुसायची मुदत टळून गेली होती. आता एकेकाला फोन लावत बसलीये.