‘१०८ ला फोन करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘सीमाभागातील मराठी बांधवांनो, १०८ ला फोन करून वेळ घालवू नका’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो सोडून दिला असता. पण खानापूर तालुक्यात एकटी राहणारी माझी मावशी तो खरा धरून बसली आहे. तिला बीपी आहे, शुगर आहे. परवा फोनवर म्हणाली, “काही झालंच तर शेजारच्या पोराला गाडी काढायला सांगीन. १०८ ची गाडी बेंगळूरहून यायची कधी?” हे ऐकल्यावर गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं असं: फोन बेंगळूरला जातो आणि तिथून मंजुरी आल्याशिवाय गाडी हलत नाही. मराठीत बोललं की फोन कट करतात. नको ते प्रश्न विचारून वेळ काढतात, म्हणून गावाचं नाव सांगा आणि फोन ठेवा. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांना आता महाराष्ट्राची रुग्णवाहिका मिळते. अपघातग्रस्तासाठी फोन केला तर पोलीस आपल्यालाच धरतात. बीपीएलचं (दारिद्र्यरेषेखालचं) कार्ड नसेल तर गाडीत घेत नाहीत. आणि शेवटचा सल्ला, पेशंटला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट दवाखाना गाठा.

फोन बेंगळूरला जातो हे खरं. १ नोव्हेंबर २००८ रोजी ‘आरोग्य कवच’ नावाने कर्नाटकात ही सेवा सुरू झाली तेव्हापासून व्यवस्था तशीच आहे: फोन एका ठिकाणी घ्यायचे आणि गाड्या जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या सरकारी दवाखान्यांशी उभ्या ठेवायच्या. फोन घेणारा बेंगळूरला बसलेला असतो, पण तो जी गाडी पाठवतो ती आपल्याच भागातली असते. मंजुरी वगैरे काही नसते. कुठली गाडी जवळ आहे, मोकळी आहे, एवढंच बघायचं असतं. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली असेल तर लांबची येते आणि उशीर होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये यंत्रणेत बिघाड होऊन राज्यभर १०८ चे फोन लागेनासे झाले होते, तेही मान्य. म्हणून तर ११२ लक्षात ठेवायचा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका, तिन्हींसाठी तो नंबर चालतो.

आता प्रश्नांचा मुद्दा. ‘गावाचं नाव सांगा आणि फोन ठेवा’ या एका वाक्याने माणूस दगावू शकतो. हलगा म्हणालात, तर कुठलं हलगा? एक बेळगावजवळ सुवर्णसौधाच्या बाजूला आहे, दुसरं खानापूर तालुक्यात. तालुका न सांगता फोन ठेवला तर गाडी चुकीच्या हलग्याला जाईल आणि शिव्या मात्र ड्रायव्हरला बसतील. ‘मारुतीच्या देवळाजवळ’ सांगूनही भागत नाही, मारुतीचं देऊळ नाही असं गाव आपल्याकडे दाखवा. कुठल्या रस्त्याने आत वळायचं, फाट्यावर शाळा आहे की दूध डेअरी, हे सांगा. रात्र असेल तर बॅटरी घेऊन एक माणूस फाट्यावर उभा करा.

पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालतोय का, हे विचारतात त्यालाही कारण आहे. सगळ्या गाड्या सारख्या नसतात. काहींत व्हेंटिलेटर असतो, काहींत नसतो. कुठली पाठवायची ते तुमच्या उत्तरावर ठरतं. आणि ज्या मोबाईलवरून फोन केला त्याच नंबरवर गाडीवाले परत फोन करतात. आपण त्याच फोनवरून लगेच सगळ्या पाहुण्यांना कळवत बसतो, किंवा अनोळखी नंबर म्हणून उचलत नाही. गाडी फाट्यावर येऊन थांबलेली असते आणि आपला फोन एंगेज. पाहुण्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा.

मराठीचा मुद्दा मेसेजात अगदी वरच आहे, कारण त्यानेच लोक पेटतात. पलीकडे मराठी समजणारा माणूस मिळेलच याची खात्री नसते. ती असायला हवी, ही आपली मागणी रास्त आहे. पण मागणी पूर्ण होईपर्यंत छातीत दुखणारा माणूस थांबू शकत नाही. आठवड्याच्या बाजारात कन्नडमध्ये भाव करणारी माणसं आपण. ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखतंय, ‘हावु कच्चिदे’ म्हणजे साप चावलाय, ‘हेरिगे नोवु’ म्हणजे बाळंतकळा, ‘अपघात आगिदे’ तर सांगायलाच नको. यापुढे गाव आणि तालुका. हिंदीतही सांगता येतं.

८६५ गावांच्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ केली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये या गावांना लागू केली ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती दवाखान्यातल्या उपचारांच्या खर्चाची. गाडी पाठवण्याशी तिचा काही संबंध नाही. महाराष्ट्राची १०८ वेगळी, तिचे फोन पुण्याला जातात. इथे एक खरी अडचण आहे आणि मेसेजात नेमकी तीच नाही: कुद्रेमानीसारख्या हद्दीवरच्या गावांत मोबाईल कधी महाराष्ट्रातल्या चंदगड बाजूचा टॉवर पकडतो आणि १०८ लावला की फोन पुण्यात लागू शकतो. तसं झालं तर पहिल्याच वाक्यात ‘कर्नाटक, जिल्हा बेळगाव’ असं सांगा, आणि घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून लावून बघा.

पोलिसांची भीती आता सोडा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, कर्नाटकाने स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. फोन करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. कार्डाचं म्हणाल तर ही सेवा मोफत आहे, बीपीएल असा वा नसा.

मोटरसायकलवर मध्ये बसवण्याचा सल्ला ज्याने लिहिला त्याने मानेला किंवा कण्याला मार लागलेला माणूस तसा नेऊन काय होतं ते डॉक्टरला विचारावं. साप चावलेल्याला तर हलू द्यायचं नसतं. दारात कार आहे आणि दवाखाना दहा मिनिटांवर आहे, तर न्या, कोण अडवतंय? पण तेव्हाही एकाने १०८ लावावा.

आणि हो, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातली आमगावसारखी गावं. २०२४ च्या पावसाळ्यात तिथल्या आजारी बाईला लोकांनी खांद्यावरून वाहून आणलं, तेव्हा कुठे रुग्णवाहिका मिळाली. तिथे रस्ता नाही, फोनला रेंज नाही, आणि १०८ कितीही चांगली चालली तरी हे दोन्ही ती देऊ शकत नाही. मेसेज लिहिणाऱ्याचा राग त्यासाठी असेल तर त्याने रस्ता, टॉवर आणि मराठी समजणारा फोनवाला मागणारं निवेदन लिहावं. सह्या गोळा करायला मी येतो.